घरचीच नेमेसिया

नेमेसिया गारेका कामाला नव्हती, घरचीच होती. हे माझं म्हणणं नव्हे हो, आमच्या मालकीणबाईंचं, क्लोतिल्देबाईंचं. सान लोरेन्सोच्या चौकात कुणी विचारलं, की भट्टीवर बायका किती ठेवल्यात, तर क्लोतिल्देबाई छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "ठेवल्यात कसल्या? आपल्याच आहेत सगळ्या. एका घरातल्या." बोलताना आवाज असा दाटून यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही चौघी त्यांच्याच पोटच्या.

चौघी म्हणजे भट्टीवर नेमेसिया, कणकेवर कासिल्दा आणि रुफिना, आणि पांढरा लेप द्यायला मी, लिंदाउरा. अंड्यात मळलेल्या कणकेचं कडं वळायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, भट्टीत भाजायचं आणि शेवटी अंड्याचा पांढरा बलक साखरेत फेटून त्यात बुडवायचं, की झाले आमचे रोस्केते. फेटायचं काम माझं. इतकी वर्षं फेटून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला जाड झालाय. नवरा होता तोवर त्या दंडाला वचकून असायचा बिचारा.

नेमेसिया उंच, रुंद आणि सावकाश. आमच्या खोऱ्यातली माणसं तशीही ताणून ताणून बोलतात, दुसऱ्या प्रांतातले लोक त्यावरून आमची टिंगल करतात. पण नेमेसिया आमच्यातही सावकाश. सकाळी तिला काही विचारलं तर उत्तर दुपारच्या जेवणाबरोबर मिळायचं. भट्टीत वाकून वाकून तिच्या भुवया निम्म्या जळालेल्या. कार्निव्हलच्या दिवसांत ती त्या काजळाने पुऱ्या करायची. दोन्ही कधी सारख्या यायच्या नाहीत, त्यामुळे सणभर बाई कशाने तरी चकित झाल्यासारखी दिसायची.

परकर सावरता येत नव्हता तेव्हा ती या भट्टीवर आली, क्लोतिल्देबाईंच्या आईच्या काळात. तेव्हापासून तिने रविवार म्हणून पाहिला नाही. रविवारी तारिहा शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन आमच्या गावात फिरायला येतात, गोड खातात, फोटो काढतात. त्या दिवशी विक्री दुप्पट, म्हणून काम दुप्पट. मग सुट्टी कधी? तर सोमवारी. आणि सोमवारी काय करायचं? भट्टी आतून सारवायची, राख उपसायची, लाकडं रचायची. ते काम नव्हे बरं का. ती घरची आवराआवर.

घर एक, पण शनिवारी मजुरीची वेळ झाली की आम्ही एकदम परक्या. मजुरी परातीमागे. आणि जी कडी फुटली त्यांचे पैसे त्यातून कापायचे. कशाने फुटली ते विचारायचं नाही. लाकूड ओलं निघालं आणि भट्टी धुमसली, तरी फूट नेमेसियाच्या नावावर. परातीवरून मांजर गेलं, तरी तिच्याच नावावर. आणि तोच फुटका माल पिशव्यांत भरून क्लोतिल्देबाई शाळेच्या फाटकाशी विकणार. म्हणजे एकच कडं दोनदा विकलं जायचं, आधी आम्हाला, मग पोरांना. मी एकदा म्हटलं, "बाई, पैसे आमच्याकडून घेतलेत ना, मग फुटका माल तरी आम्हाला खाऊ द्या."

तर म्हणाल्या, "लिंदाउरा, घरात असं तुझं-माझं करतात का गं?"

आता या बाईला काय बोलायचं? माझं डोकं असं तापलं, की त्या दिवशी बलक फेटायला मला निम्माच वेळ लागला.

जेवायला त्या पुढच्या खोलीत, लेसचं कापड घातलेल्या टेबलाशी. आम्ही मागे, पिठाच्या पोत्यांना टेकून, उभ्याने. शेंगदाण्याचं सूप असायचं, त्यात शेंगदाणा ज्या बाईला सापडेल ती दिवसभर खुशीत.

हे असंच चाललं असतं. आम्ही कुरकुर केली असती आणि म्हाताऱ्या झालो असतो. पण वाल्तेरशेठ आला. अर्जेंटिनात पाव भाजून चार पैसे गाठीला बांधून आला आणि चौकाच्या पलीकडे त्याने रोस्केत्यांची नवी भट्टी बांधली. मजुरी रोजावर, आणि रोजही चांगला. फुटीचे पैसे कापायचे नाहीत. आणि रविवारी सुट्टी, कारण त्या दिवशी तो नि त्याची बायको दोघंच भट्टी सांभाळणार. गावभर ही बातमी झाली. मग एका संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन नेमेसियाच्या दाराशी उभा राहिला. "तुम्ही या," म्हणाला, "आणि तुमच्या मैत्रिणींनाही आणा."

नेमेसियाने बरेच दिवस विचार केला. शेवटी माझ्या शेजारी येऊन बसली नि म्हणाली, "लिंदाउरा, मला ही भट्टी सोडवत नाही."

"का? त्या बाईने सोनं लावलंय का तिला?"

"हिच्यापाशी मोठी झाले गं मी. दुसऱ्याच्या भट्टीत तोंड घालायचं जिवावर येतं."

"मग रहा इथेच, सूप पीत."

ती हसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तो जे देतो ते इथे मागून बघू. चौघींसाठी. दिलं तर कुणी कुठे जायला नको. नाही दिलं तर जायचं."

एवढंच होतं सगळं. पूर्ण मजुरी आणि एक रविवार. कुणी राजवाडा मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने क्लोतिल्देबाईंसमोर उभं राहून हे जसंच्या तसं सांगितलं. ॲप्रनशी चाळा नाही, आढेवेढे नाहीत. क्लोतिल्देबाई खुर्चीत बसल्या. मग डोळ्यांना रुमाल लावला. "आईने मरताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, नेमे," म्हणाल्या. खरं म्हणजे म्हातारी गेली तेव्हा नेमेसिया भट्टीत होती आणि तिला कुणी बोलावलंही नव्हतं, पण अशा वेळी कोण काढतंय ते? "मला शनिवारपर्यंत वेळ दे. काहीतरी असं करते, की तू जन्मभर नाव काढशील."

मला आशा वाटली हो. रडण्याला मीसुद्धा भुलले.

आता ते दिवस होते कार्निव्हलच्या तोंडाशी. पुरुषांचा गुरुवार झाला की पुढचा गुरुवार आम्हा बायकांचा, कोमाद्रेंचा. त्या आधीच्या आठवड्यात कुठलीही बाई कुठल्याही बाईला टोपली पाठवते. फळं, फुलं, चीज, रोस्केते, रंगीत पताका, सब्ज्याच्या डहाळ्या. टोपली घेतली की त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, जन्माच्या बहिणी. कोमाद्रेशी भांडायचं नाही. तिला दारातून परत पाठवायचं नाही, आली की बसवायचं, खाऊपिऊ घालायचं. आणि तिच्याशी पैशाचं बोलायचं नाही. दारात आलेली टोपली नाकारणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. आणि गंमत बघा, गावातल्या सगळ्या टोपल्यांत आमच्याच भट्टीचे रोस्केते. तो आठवडा म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी कमाई. त्यामुळे नेमेसियाला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसायची आणि ती आजवर कुणाची कोमाद्रे झालेली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत शिंग वाजलं. आमच्याकडचं एर्के, बोरूच्या नळीला गाईचं शिंग लावलेलं. बघते तर पुढे वाजवणारा म्हातारा, मागे क्लोतिल्देबाई, फुलांची टोपी घालून, हातात ही एवढी टोपली. सगळी गल्ली दारात. नेमेसियाच्या उंबऱ्याशी येऊन त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नेमेसिया, आजपासून तू माझी कोमाद्रे!"

नेमेसियाने पीठ लागलेले हात पुसले, टोपली घेतली आणि ढसाढसा रडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. क्लोतिल्देबाईंनी तिला मिठी मारली, आणि मिठी मारता मारता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. संपलं! आता ही कोणत्या तोंडाने मजुरी मागणार? बहिणीकडे? आणि कोमाद्रेची भट्टी टाकून समोरच्या वाल्तेरशेठकडे गेली तर गाव शेण घालेल तोंडात. मजुरी वाढवण्यापेक्षा एक टोपली स्वस्त पडली बाईला. हुशार हो, हुशार!

गर्दी पांगल्यावर आम्ही टोपली उघडली. वरची द्राक्षं बरी होती. खालचे पीच मऊ. आणि मधोमध रोस्केत्यांची उतरंड. नेमेसियाने एक कडं उचलून उजेडात धरलं. दोन तुकडे लेपाने चिकटवून अख्खं केलेलं. दुसरं उचललं. तेही तसंच.

"अगं," ती म्हणाली, "हे तर मंगळवारचे. यांची फूट माझ्या नावावर आहे."

"मग फेक तिच्या अंगणात!"

"बहिणीने दिलंय," ती म्हणाली, आणि शांतपणे खायला लागली.

शनिवारी मजुरी घ्यायला आम्ही ओळीने उभ्या. नेमेसियाच्या हातावर नेहमीचे पैसे पडले. परातीमागे जेवढे, वजा फूट. ती तिथेच उभी राहिली. "आणि आपलं बोलणं झालं होतं ते?"

"अगं, आता तू माझी बहीण!" क्लोतिल्देबाईंनी तिचे गाल धरले. "बहिणी बहिणींत मजुरी कसली गं काढतेस? लोक काय म्हणतील?"

नेमेसिया विचार करायला लागली. हे नेहमीचंच, म्हणून क्लोतिल्देबाई पेटीला कुलूप लावून उठल्यासुद्धा. तेवढ्यात नेमेसियाने ॲप्रनची गाठ सोडली, ॲप्रन नीट घडी करून पोत्यावर ठेवला.

"खरं आहे तुझं, कोमाद्रे," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्यांना 'तू' म्हटलं, आणि क्लोतिल्देबाईंची मान झटका बसल्यासारखी वळली. "बहिणीला मजुरी द्यायची नसते. मग बहिणीकडून मजुरी करूनही घ्यायची नसते. तू सांगितलंस ते बरं झालं. माझ्या तर डोक्यातच आलं नव्हतं."

आणि गेली. मी अजूनही पैजेवर सांगू शकत नाही, की ती भोळेपणाने बोलली की पक्की मुरलेली होती. तिचा चेहरा असा, की भुवया काढल्याशिवाय त्यावर काहीच दिसत नाही.

रविवारी सकाळी ती आली ती पुढच्या दाराने. पायात चकचकीत बूट, कानामागे सब्ज्याची डहाळी, भुवया काढलेल्या, एक वर एक खाली. "काय म्हणतेस, कोमाद्रे?" म्हणत लेसच्या टेबलाशी जाऊन बसली. दुकानात शहरातलं गिऱ्हाईक, शेजारच्या दोन बायका. क्लोतिल्देबाई करतात काय? कॉफी दिली. कॉफीबरोबर चीज भरलेली पुरी दिली. नेमेसियाने सावकाश खाल्ली. मग आणखी एक मागितली.

"भट्टीचं काय?" क्लोतिल्देबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"छान दिसतेय इथून," नेमेसिया म्हणाली.

भट्टीवर त्या दिवशी कासिल्दाला उभं केलं. तिने बिचारीने जीव टाकला. पण कणकेची बाई ती, भट्टीपाशी तिचं काय चालणार? निम्मा माल करपला, निम्मा फुटला. संध्याकाळी क्लोतिल्देबाईंनी सगळी फूट आम्हा तिघींच्या नावावर टाकली. "घरात एकमेकांचं सांभाळून घ्यावं लागतं," म्हणाल्या.

कासिल्दा रडायला लागली. रुफिना तशी गरीब गाय, वर्षात चार वाक्यं बोलणारी. पण ती हात पुसत म्हणाली, "नेमेसिया बहीण म्हणून बसली. आपण काय सावत्र आहोत?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग मला जे हसू फुटलं, मी पिठाच्या पोत्यावर कोसळले.

सोमवारी भट्टी सारवायचा दिवस. आम्ही सारवली नाही. आम्ही टोपल्या सजवल्या. पैसे कुठे होते? माझ्या टोपलीत एक भोपळा, अंगणातले अंजीर आणि झेंडू. कासिल्दाने मक्याची कणसं घातली, त्यांना कागदी परकर नेसवले. रुफिनाने कोंबडी दिली, जिवंत, पायात रंगीत फीत बांधलेली. आणि एर्केवाला म्हातारा तोच, त्याला चिचाचे, मक्याच्या दारूचे, दोन पेले पाजले की तो कुणाच्याही बाजूने वाजवतो.

दुपारी गल्लीतून निघालो. मी पुढे. माझा आवाज तर तुम्हाला ठाऊकच आहे, तो असा लावला की चर्चमधली कबुतरं उडाली. "क्लोतिल्देबाई! बाहेर या! नेमेसियाला बहीण केलीत, आमचा जीव तुटला हो! आम्हालाही पदरात घ्या!"

चौकातली बाकडी रिकामी झाली. सगळं गाव त्यांच्या दाराशी. क्लोतिल्देबाई दारात आल्या आणि तीन टोपल्या बघून पांढऱ्या पडल्या, लेप दिल्यासारख्या. मागे खिडकीत नेमेसिया, हातात कॉफीचा कप.

"अगं, तुम्ही तर घरच्याच," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्हाला टोपलीची काय गरज?"

"घरच्या आहोतच," मी म्हटलं, "आता जगासमोर होऊ!"

"घे गं, क्लोतिल्दे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "भाग्य लागतं असल्या बहिणींना!"

घेतल्या. घ्याव्याच लागल्या. कोंबडीने तेवढी त्यांच्या हाताला चोच मारली.

मंगळवारी आम्ही चौघी लेसच्या टेबलाशी. असा मंगळवार त्या घराने पाहिला नसेल. भट्टी थंडगार, पाण्याचा हंडा कोरडा, आणि पुढच्या खोलीत पाहुण्या बसलेल्या. आम्ही काही उद्धटपणा केला नाही बरं. कुणी आवाज चढवला नाही. क्लोतिल्देबाई कॉफी आणायच्या, आम्ही म्हणायचो, "किती दमतेस गं, कोमाद्रे!" त्या साखर आणायच्या, आम्ही म्हणायचो, "बस की दोन मिनिटं आमच्यात." कासिल्दाने तर त्यांची तब्येत विचारली, गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं. दुपारी सूप आलं. नेमेसियाने चमचा फिरवून आत बघितलं आणि फार हळुवारपणे म्हणाली, "कोमाद्रे, पाहुण्यांना असं सूप देतेस? तुझंच नाव खराब होईल. थोडे शेंगदाणे घाल."

घातले. जन्मात पहिल्यांदा त्या घरच्या सुपात चमचा उभा राहिला.

आणि दर थोड्या वेळाने दार वाजत होतं. गावातल्या बायका. "माझ्या टोपलीचे रोस्केते झाले का?" "आम्हाला चार टोपल्यांचे हवेत, विसरलीस का?" "गुरुवार परवावर आला, क्लोतिल्दे, की आम्ही वाल्तेरशेठकडून घेऊ?" दरवेळी क्लोतिल्देबाई दाराकडे धावायच्या, हसायच्या, आत यायच्या तेव्हा हसू दारातच राहिलेलं असायचं.

शेवटी एक जाडजूड बाई, नगरपालिकेतल्या कुणाची तरी सासू, सरळ आतच आली. आम्हाला बघितलं, थंड भट्टीकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "या इथे बसल्यात होय? मग भाजतंय कोण?"

"यांना कसं सांगू?" क्लोतिल्देबाईंचा बांध फुटला. "बहिणी आहेत त्या माझ्या! चौघीच्या चौघी! बसल्यात! खातायत! मला नकोत बहिणी! मला कामाला बायका पाहिजेत!"

सासूने कमरेवरचे हात खाली घेतले. मला वाटलं, आता नेमेसिया विचार करायला बसणार आणि संध्याकाळ होणार. पण त्या दिवशी तिला एक श्वासही लागला नाही. तिने कप बशीत ठेवला.

"आता खरं बोललीस," ती म्हणाली. "कामाला पाहिजेत. मग कामाचं बोलू. बहीण मी राहीनच, त्याचे पैसे नाहीत. कामाचे आहेत. समोर देतात तेवढा रोज, चौघींना. फुटीचे पैसे कापायचे नाहीत. आणि रविवार आमचा."

क्लोतिल्देबाईंनी सासूकडे बघितलं. सासूने दाराकडे बघितलं, म्हणजे चौकाच्या पलीकडे.

"रविवारी विक्री कोण करणार?" क्लोतिल्देबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"वाल्तेरशेठ स्वतः करतो," नेमेसिया म्हणाली. "तूही कर. शनिवारी जास्त भाजून ठेवू आम्ही."

"बरं."

"मोठ्याने बोल, कोमाद्रे. या बाईंना ऐकू जाऊ दे. आम्हाला लिहिलेलं काही कळत नाही, पण यांनी ऐकलं की गावाने ऐकलं."

आणि क्लोतिल्देबाईंनी ते सगळं मोठ्याने सांगितलं, एक एक करून, नगरपालिकेच्या सासूसमोर. आवाज दाटून आला होता, आणि या वेळी तो खरा होता. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू? पण ती दया मी ॲप्रन बांधेपर्यंतच टिकली.

त्या संध्याकाळी नि दुसऱ्या दिवशी आम्ही जे काम केलं, ते माझ्या दंडाला अजून आठवतं. कुणाच्याही टोपलीत रोस्केते कमी पडले नाहीत. गुरुवारी चौकात गावभरच्या बायका नाचल्या, आणि क्लोतिल्देबाईही नाचल्या, चौघी कोमाद्रे असलेली दुसरी बाई त्या चौकात नव्हती ना. पुढे त्या लोकांना सांगायला लागल्या, "मजुरी मीच वाढवली हो. आपल्या माणसांचं आपण बघितलं पाहिजे." सांगू दे. आमचं काय जातंय त्यात?

कार्निव्हल उरकला. पताका गळून पडल्या, गाव झोपलं, आणि मग एक साधा रविवार आला. भट्टी बंद. मी जागी झाले ती दारावरच्या टकटकीने. उघडते तर नेमेसिया, डोक्याला रुमाल, कामाचे जुने बूट, भुवया जळलेल्या त्या तशाच.

"काय झालं गं?"

"काही नाही. सवयीने उठले. भट्टीपर्यंत जाऊन आले. दाराला कुलूप आहे." ती माझ्या उंबऱ्यावर बसली. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. शहरातली पहिली गाडी आली, त्यातून पोरं उतरली, त्यांची आई त्यांचे केस सारखे करत होती. नेमेसिया त्यांच्याकडे एखादं अवघड काम बघावं तशी बघत होती. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, कुणी ऐकू नये अशी म्हणाली, "लिंदाउरा, रविवारी काय करतात गं?"

माझ्या तोंडावर थट्टा आली होती. पण ती मी गिळली. इतकी वर्षं तिच्याशेजारी फेटत उभी होते मी. मला तरी कुठे ठाऊक होतं?

"सरक थोडी," मी म्हटलं आणि तिच्याजवळ बसले. ऊन पायांवर येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.